वायुरूप रेणूची आकृती कशी कळते?

जळगाव जिल्ह्याची देशभरातील ओळख केळीमुळे आहे. सातपुडा आणि तापी यांच्यामधील रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन हंगामांत केळी लावली जाते. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळाले. बागेतून उतरलेला घड हिरवा असतो. त्याच्या फण्या सुटतात, कॅरेटमध्ये भरल्या जातात आणि पिकवणूक कक्षात जातात. कक्षाचे तापमान साधारण १५ ते १८ अंश सेल्सिअस राखून हवेच्या दहा लाख भागांत सुमारे १०० भाग एवढाच इथिलीन वायू सोडला, की एक-दोन दिवसांत पिकण्याची क्रिया सुरू होते आणि काही दिवसांत फळ पिवळे होते.

या वायूला रंग नाही. तो डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. तरीही पाठ्यपुस्तक सांगते, की इथिलीनच्या, म्हणजेच ईथीनच्या, रेणूत दोन कार्बन आणि चार हायड्रोजन असतात. दोन कार्बनांमधील अंतर १.३४ अँगस्ट्रॉम असते आणि सहाही अणू एकाच प्रतलात असतात. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. तेव्हा एखाद्या विद्यार्थ्याने उठून विचारावे, की हे कोणी पाहिले आणि कशावरून सांगितले, तर तो प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. तो विज्ञानाचा पहिला प्रश्न आहे. पुस्तकात छापले आहे एवढ्यानेच आकडा खरा मानायचा असेल, तर विज्ञान आणि ऐकीव गोष्ट यांत फरक उरत नाही. या प्रश्नाचे उत्तर आम्ही प्रस्तुत लेखात यथाशक्ती मांडणार आहोत.

आकृतीला एवढे महत्त्व का?

रेणूची आकृती जाणून घेणे ही केवळ बौद्धिक हौस नव्हे. केळीच्या पेशीत इथिलीनला ओळखणारी प्रथिने असतात. त्या प्रथिनांत तांब्याचा अणू बसवलेला असतो आणि इथिलीनचा रेणू आपल्या दुहेरी बंधाच्या अंगाने त्या अणूला जाऊन चिकटतो. तो चिकटला की फळाला पिकण्याचा संदेश मिळतो. कुलूप-किल्लीच्या या व्यवहारात किल्लीचा आकार आणि तिच्यातील इलेक्ट्रॉनांची मांडणी यांवर सर्व काही अवलंबून असते.

आता ॲसिटिलीन वायू पाहू. त्यात दोन कार्बन आणि दोनच हायड्रोजन आहेत. कार्बनांमधील बंध तिहेरी असल्याने त्यांचे अंतर १.२० अँगस्ट्रॉम एवढे कमी होते आणि चारही अणू एका सरळ रेषेत असतात. इथिलीनशी त्याचे थोडे साम्य असल्यामुळे तोही त्या कुलपात शिरतो, पण त्याचे काम इथिलीनच्या मानाने फारच दुबळे असते. कॅल्शियम कार्बाइडला ओलावा लागला की हाच वायू निघतो. कार्बाइडच्या पुड्या ठेवून फळे पिकवण्याची रीत येथूनच आली. परंतु बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरस यांची संयुगे अशुद्धीच्या रूपाने असतात, ती फळाबरोबर आणि हाताळणाऱ्या मजुराच्या श्वासाबरोबर शरीरात जाऊ शकतात. म्हणूनच अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी कार्बाइडच्या वायूने फळे पिकवण्यास बंदी घातली आहे. इथिलीनच्या वापराला मात्र दहा लाखांत १०० भागांपर्यंत परवानगी आहे. दोन वायूंमधील हा भेद ज्याला समजला, त्याला बंदीचे कारणही समजते.

प्रकाश का अपुरा पडतो?

एखादी वस्तू दिसते, याचा अर्थ तिच्यावर पडलेल्या तरंगांत तिच्यामुळे बदल झाला आणि तो बदल आपण टिपला. तरंगाची लांबी वस्तूच्या मानाने फार मोठी असेल तर तिचे बारकावे त्या तरंगाला जाणवत नाहीत. विहिरीतल्या पाण्यावरची रुंद लाट बारीक काडीच्या दोन्ही बाजूंनी निघून जाते आणि काडी होती की नव्हती याची खूण मागे राहत नाही. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४००० ते ७००० अँगस्ट्रॉम आहे. इथिलीनमधील कार्बनांचे अंतर मात्र दीड अँगस्ट्रॉमही नाही. म्हणून सूक्ष्मदर्शक कितीही उत्तम असला तरी साध्या प्रकाशाने रेणूचे अवयव वेगळे दिसणार नाहीत.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म रंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. त्यांचे स्वरूप कळायला पुढे सतरा वर्षे लागली. १९१२ मध्ये माक्स फोन लाउए यांच्या कल्पनेनुसार स्फटिकातून क्ष-किरण पाठवण्यात आले, तेव्हा छायापत्रावर ठिपक्यांची रेखीव मांडणी उमटली. क्ष-किरण हे तरंग आहेत आणि स्फटिकातील अणू नियमित रांगांत उभे आहेत, या दोन्ही गोष्टी एकाच प्रयोगाने सिद्ध झाल्या. पुढच्याच वर्षी विल्यम हेन्री ब्रॅग आणि त्यांचे पुत्र लॉरेन्स ब्रॅग यांनी ठिपक्यांवरून अणूंची अंतरे काढण्याची रीत बसवली आणि मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली. तांब्याच्या लक्ष्यावर इलेक्ट्रॉन आदळून मिळणाऱ्या क्ष-किरणांची तरंगलांबी १.५४ अँगस्ट्रॉम असते, म्हणजे अणूंच्या अंतरांच्या अगदी जोडीची.

आपल्या देशातही हे काम लवकर सुरू झाले. कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. आर. रामनाथन यांनी १९२३ मध्ये द्रवांतून होणाऱ्या क्ष-किरणांच्या विवर्तनाचा विचार मांडला. त्याच संस्थेत केदारेश्वर बॅनर्जी यांनी १९३० च्या सुमारास नॅफ्थॅलीन आणि अँथ्रासीन यांच्या स्फटिकांची रचना शोधली. यांपैकी नॅफ्थॅलीन म्हणजे कपड्यांत ठेवण्याच्या डांबरगोळ्यांतील पदार्थ.

वायूची तिहेरी अडचण

स्फटिकात लक्षावधी रेणू कवायतीला उभ्या असलेल्या मुलांसारखे एकाच दिशेला तोंड करून समान अंतरावर असतात. प्रत्येकाकडून विखुरलेले तरंग काही ठरावीक दिशांना एकमेकांना साथ देतात आणि तेथे ठळक ठिपका उमटतो. स्फटिक म्हणजे जणू निसर्गाने दिलेला ध्वनिवर्धक आहे.

वायूत ही मदत नसते. पहिली अडचण अशी, की वायूतील रेणूंना रांग नाही, दिशा नाही. मधल्या सुट्टीत मैदानावर धावणाऱ्या मुलांप्रमाणे प्रत्येकाचे तोंड निराळ्या दिशेला असते. दुसरी अडचण विरळपणाची. साधारण तापमानाला आणि दाबाला एका घन सेंटिमीटर वायूत सुमारे २.७ गुणिले १० चा १९ वा घात इतके रेणू असतात. तेवढ्याच पाण्यात ३.३ गुणिले १० चा २२ वा घात इतके रेणू असतात, म्हणजे हजारपटीहून अधिक. साहजिकच वायूकडून विखुरणारे क्ष-किरण फार क्षीण असतात. तिसरी अडचण गतीची. वायूतील रेणू सेकंदाला शेकडो मीटर वेगाने धावतात, स्वतःभोवती फिरतात आणि आतल्या आत कंपही पावतात.

मग वायूचा स्फटिक करूनच रचना का काढू नये? कित्येक पदार्थांबाबत तसे करतातही. परंतु स्फटिकात शेजारचे रेणू एकमेकांना दाबतात, ओढतात, क्वचित वाकवतात. एकट्या, मोकळ्या रेणूचा स्वाभाविक आकार पाहायचा असेल, अथवा रासायनिक क्रिया चालू असताना तो कसा बदलतो हे पाहायचे असेल, तर त्याला वायुरूपातच गाठावे लागते.

डेबाय यांची कल्पना

ही कोंडी फोडणारी कल्पना पीटर डेबाय यांनी १९१५ मध्ये मांडली. त्यांचा विचार थोडक्यात असा: रेणू कसाही वळला, कुठेही धावला, तरी त्याच्या आतल्या दोन अणूंमधील अंतर बदलत नाही. दिशा हरवते, पण अंतर टिकते. म्हणून सर्व दिशांची सरासरी घेतल्यावरही विखुरलेल्या किरणांत त्या अंतरांची खूण शिल्लक राहिली पाहिजे.

हा विचार नकाशाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. जळगाव, भुसावळ, धुळे आणि नंदुरबार या चार गावांची नावे लिहिलेला, पण दिशा न दाखवलेला कागद कोणी गोल गोल फिरवत असेल, तर उत्तर कोणती हे आपल्याला कळणार नाही. मात्र प्रत्येक दोन गावांमधील सरळ अंतर कोणी सांगितले, तर कंपास आणि पट्टी घेऊन चारही गावांची परस्पर मांडणी आपण नक्की काढू शकतो. अंतरांची यादी पुरेशी असेल तर आकृती सापडते.

डेबाय यांच्या सूत्राचा अर्थ शब्दांत सांगता येतो. रेणूतील अणूंच्या प्रत्येक जोडीमागे विखुरलेल्या किरणांच्या तीव्रतेत एक लहरती भर पडते. जोडीतील अंतर जितके जास्त, तितक्या त्या लहरी एकमेकींच्या जवळ येतात. आणि जोडीतील अणूंमध्ये इलेक्ट्रॉन जितके अधिक, तितकी ती भर मोठी असते. सर्व जोड्यांची बेरीज म्हणजे प्रत्यक्षात दिसणारा नमुना. रेणूंना ठरावीक दिशा नसल्यामुळे तो नमुना ठिपक्यांचा नसून एकात एक असलेल्या धूसर कड्यांचा असतो.

अव्यवस्थित कणांतूनही व्यवस्थित कडी मिळतात, हे घरच्या घरी पाहता येते. थंडीच्या रात्री खिडकीच्या काचेवर श्वासाची वाफ सोडून तिच्यातून दूरच्या दिव्याकडे पाहावे. दिव्याभोवती मंद रंगीत कडी दिसतात. काचेवरचे थेंब कसेही विखुरलेले असतात, पण त्यांचा आकार साधारण सारखा असतो आणि कड्यांची रुंदी त्या आकारावर ठरते. थेंब लहान तर कडे मोठे. रेणूंच्या कड्यांमागेही हेच तत्त्व आहे. फक्त तेथे थेंबाच्या आकाराची जागा अणूंमधील अंतर घेते.

कार्बन टेट्राक्लोराइडची साक्ष

सूत्र मांडणे आणि ते प्रयोगाने पडताळणे यांत चौदा वर्षे गेली. १९२९ मध्ये लाइपझिग येथे डेबाय आणि त्यांचे सहकारी बेव्हिलोगुआ आणि एअरहार्ट यांनी कार्बन टेट्राक्लोराइडच्या वाफेतून क्ष-किरण पाठवले. छायापत्र तासन्तास उघडे ठेवावे लागले, पण अपेक्षित कडी उमटली.

त्यांनी हाच पदार्थ का निवडला, हे समजून घेण्याजोगे आहे. या रेणूत मध्यभागी एक कार्बन आणि चार कोपऱ्यांना चार क्लोरीन असतात. अणूंच्या एकूण दहा जोड्या होतात: चार कार्बन-क्लोरीनच्या आणि सहा क्लोरीन-क्लोरीनच्या. कार्बनमध्ये ६ आणि क्लोरीनमध्ये १७ इलेक्ट्रॉन असतात. तेव्हा जोडीचे वजन ठोकळमानाने इलेक्ट्रॉनांच्या गुणाकाराइतके धरले, तर कार्बन-क्लोरीन जोडीचे वजन १०२ आणि क्लोरीन-क्लोरीन जोडीचे २८९ येते. चार जोड्यांचे ४०८, तर सहा जोड्यांचे १७३४. म्हणजे नमुन्यावर क्लोरीन-क्लोरीन अंतराचेच वर्चस्व राहणार आणि ते अंतर मोजणे सोपे जाणार.

आता एक हिशेब करून पाहू. समजा, १.५४ अँगस्ट्रॉमचे क्ष-किरण वापरले आणि पहिले स्पष्ट कडे मूळ किरणाच्या दिशेपासून ३८ अंशांवर दिसले. सूत्रात या कोनाचा अर्धा भाग, म्हणजे १९ अंश, घ्यावा लागतो. त्याची साइन ०.३२६ आहे. तिला ४ गुणिले ३.१४ ने गुणून तरंगलांबीने भागले की २.६६ मिळतात. सूत्रातील लहरीचे पहिले उंच शिखर ७.७३ या संख्येपाशी येते, हे गणिताने ठरलेले आहे. ७.७३ ला २.६६ ने भागले की २.९१ अँगस्ट्रॉम येतात. हेच क्लोरीन-क्लोरीन अंतर. रेणू नियमित चतुष्फलकाच्या आकाराचा असल्याने या अंतराला १.६३३ ने भागले, की मध्यापासून कोपऱ्याचे, म्हणजे कार्बन-क्लोरीनचे, अंतर सुमारे १.७८ मिळते. आज मान्य असलेली मूल्ये अनुक्रमे २.८९ आणि १.७७ अँगस्ट्रॉम आहेत. प्रत्यक्ष प्रयोगात कोन वाढत जातो तसे अणूचे स्वतःचे विकिरण घटत जाते आणि शिखर थोडे आत सरकते. त्याची दुरुस्ती करावी लागते. पण मूळ विचार एवढाच. दहावीच्या त्रिकोणमितीने रेणूची लांबी मोजता येते, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी मनावर ठसवावी अशी आहे.

डेबाय यांना १९३६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वायूंतील क्ष-किरणांचे आणि इलेक्ट्रॉनांचे विवर्तन हा त्या सन्मानाच्या कारणांपैकी एक होता.

या साधनाच्या मर्यादा

साधनाची थोरवी सांगताना त्याची मर्यादा लपवू नये. क्ष-किरणांना अणूतील इलेक्ट्रॉन विखुरतात. हायड्रोजनजवळ एकच इलेक्ट्रॉन असतो. इथिलीनमध्ये कार्बन-कार्बन जोडीचे वजन ३६, कार्बन-हायड्रोजन जोडीचे ६ आणि हायड्रोजन-हायड्रोजन जोडीचे केवळ १ येते. म्हणजे हायड्रोजनांच्या जागा क्ष-किरणांना अगदी पुसट दिसतात. म्हणून इथिलीनचे आज पुस्तकात असलेले आकडे एकट्या क्ष-किरणांनी दिलेले नाहीत. १९३० मध्ये हर्मान मार्क आणि राइमुंड व्हीर्ल यांनी वायूवर क्ष-किरणांऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला. रेणूकडून इलेक्ट्रॉन कितीतरी पट अधिक जोराने विखुरले जातात, त्यामुळे जेथे तास लागत होते तेथे क्षणभर पुरू लागला. वायुरूप रेणूंची बहुतेक मोजमापे पुढे याच मार्गाने झाली. त्यांच्या जोडीला वर्णपटाचा अभ्यास होता, कारण रेणू कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतो यावरून त्याचे फिरणे, कंप पावणे आणि त्यातून त्याची लांबी-रुंदी काढता येते.

हायड्रोजन नेमका पाहण्याचा आणखी एक मार्ग महाराष्ट्रातही वापरला गेला. तुर्भे येथील अणुभट्ट्यांतून मिळणारे न्यूट्रॉन वापरून राजगोपाल चिदंबरम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲमिनो आम्लांच्या स्फटिकांत हायड्रोजनच्या जागा निश्चित केल्या. न्यूट्रॉनला विखुरण्याचे काम अणूचे केंद्रक करते. म्हणून क्ष-किरणांना जो हायड्रोजन पुसट दिसतो, तो न्यूट्रॉनला स्पष्ट दिसतो. हे काम स्फटिकांवरचे होते, वायूवरचे नव्हे. तथापि एका साधनाची उणीव दुसऱ्याने भरून काढायची, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. फक्त अंतरांवरून आकृती काढली तर डावा आणि उजवा हात यांत भेद करता येत नाही, कारण आरशातील प्रतिमेत सर्व अंतरे तीच राहतात. ज्या रेणूंची अशी दोन परस्परप्रतिबिंबी रूपे असतात, त्यांच्याबाबत डेबाय यांची कडी मौन पाळतात.

मुक्त इलेक्ट्रॉन लेसर आणि रेणूचे चलचित्र

जवळजवळ ऐंशी वर्षे क्ष-किरणांनी वायूतील रेणू पाहण्याचे काम इलेक्ट्रॉनांच्या मागे पडले होते. किरणांचा क्षीणपणा हेच त्याचे कारण. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील यंत्राने हे चित्र पालटले. तेथे इलेक्ट्रॉनांना सुमारे एक किलोमीटर लांबीच्या नळीत प्रकाशाच्या वेगाजवळ नेतात आणि मग चुंबकांच्या आळीपाळीने मांडलेल्या रांगेतून नागमोडी धावायला लावतात. त्यातून क्ष-किरणांचे अत्यंत तीव्र आणि अत्यल्पकालीन स्पंद बाहेर पडतात. यालाच मुक्त इलेक्ट्रॉन लेसर म्हणतात. एका स्पंदात १० चा १२ वा घात, म्हणजे एक लाख कोटी, इतके क्ष-किरण फोटॉन असू शकतात आणि तो काही दशक फेम्टोसेकंदच टिकतो. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक हजार-लाख-कोटीवा भाग, अर्थात १० च्या १५ व्या घाताने सेकंदाला भागून येणारा काळ. ३० फेम्टोसेकंदांत प्रकाश ९ मायक्रोमीटर जातो; माणसाच्या केसाची जाडीसुद्धा तो ओलांडत नाही. एवढ्या अवधीत अणूंना जागचे हलायला फारशी सवड मिळत नाही. तीव्र किरणांनी रेणू मोडणार असला तरी मोडण्यापूर्वीच त्याची छाया टिपली जाते, ही या पद्धतीमागील आशा आहे.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हॅम्बुर्गच्या योखेन क्युपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच यंत्रावर डायआयोडोबेंझोनायट्राइल या रेणूचे विवर्तन टिपले. या रेणूत आयोडीनचे दोन जड अणू आहेत, त्यांच्यातील अंतर सुमारे ७ अँगस्ट्रॉम. प्रयोगकर्त्यांनी वायूचा अतिशीत झोत निर्वातात सोडला आणि दुसऱ्या एका लेसरच्या विद्युतक्षेत्राने रेणूंना एका दिशेला वळवले. मधल्या सुट्टीतल्या मुलांना घंटा वाजवून क्षणभर एका दिशेला तोंड करायला लावावे, तसाच हा प्रकार होय. दिशा मिळाल्यामुळे गोल कड्याऐवजी त्या अक्षाची खूण असलेला नमुना येऊ लागतो. प्रत्येक स्पंदातून मिळणारा संकेत इतका अल्प होता, की असंख्य स्पंदांची बेरीज केल्यावरच तो दिसला. तीव्र लेसरक्षेत्रात रेणू कसे वागतात, या विषयावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीपक माथुर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही दीर्घकाळ काम केले आहे.

पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, पीटर वेबर यांच्या गटाने स्टॅनफर्डच्याच यंत्रावर सायक्लोहेक्झाडाइन या वायूचे काम प्रसिद्ध केले. सहा कार्बनांचे कडे असलेल्या या रेणूवर अतिनील प्रकाशाचा स्पंद सोडला की ते कडे एका ठिकाणी तुटते आणि रेणू साखळीसारखा उघडतो. संशोधकांनी अतिनील स्पंदानंतर निरनिराळ्या अंतराने क्ष-किरणांचा स्पंद पाठवला आणि प्रत्येक वेळचा नमुना टिपला. आधीच्या आणि नंतरच्या नमुन्यांतील फरकावरून, शंभर फेम्टोसेकंदांच्या आसपास चालणारी ती क्रिया टप्प्याटप्प्याने उलगडली. विशेष म्हणजे येथे रेणूंना दिशा दिलेली नव्हती. फरक वाचण्यासाठी डेबाय यांचा १९१५ चा विचारच आधाराला होता. खानदेशातील उन्हात काम करणाऱ्या माणसाच्या त्वचेत ड जीवनसत्त्वाची सुरुवात होते, तीही अशाच क्रियेने: अतिनील किरणांनी एका मोठ्या रेणूतील असेच सहा कार्बनांचे कडे उघडते.

आपल्या वाटेवरचे इंदूर

ही सगळी कामे दूरदेशीची आहेत, आपला त्यांच्याशी काय संबंध, असे वाटू शकेल. परंतु धुळ्याहून निघणारा मुंबई-आग्रा महामार्ग तापी ओलांडून, शिरपूरवरून, सातपुड्याचा बिजासन घाट चढून सेंधव्याला आणि पुढे नर्मदा ओलांडून इंदूरला जातो. ही वाट साधारण अडीचशे किलोमीटरांची. इंदूर येथे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे आणि तेथे इंडस-१ आणि इंडस-२ ही इलेक्ट्रॉनांची दोन कडी चालतात. इंडस-१ कडे १९९९ पासून कार्यरत आहे. इंडस-२ चा परीघ सुमारे १७२ मीटर असून त्यात इलेक्ट्रॉन २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने फिरतात. वळताना ते जे तेजस्वी किरण सोडतात, त्यांत क्ष-किरणही असतात. ते वाहिन्यांद्वारे प्रयोगशाळेत आणून स्फटिक, प्रथिने आणि भुकटी यांची विवर्तनचित्रे घेतली जातात. इंडस-१ वर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या किरणवाहिन्यांवर वायुरूप रेणू अतिनील किरण कसे शोषतात याचे मोजमाप होते. ते विवर्तन नव्हे, शोषण आहे, आणि ही यंत्रे मुक्त इलेक्ट्रॉन लेसरही नव्हेत. तरीही वायूतील मोकळ्या रेणूला किरणांनी प्रश्न विचारण्याचे काम आपल्या वाटेवरच्या शहरात चालते, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे.

या वाटेवर पाऊल टाकण्यासाठी फार मोठी सामग्री लागत नाही. त्रिकोणमिती पक्की करावी, तरंगांचा धडा नीट समजून घ्यावा, आणि जळगावच्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतून भौतिकशास्त्र अथवा रसायनशास्त्राची पदवी घेण्याचा विचार करावा. ज्या घरात आजवर कोणी प्रयोगशाळा पाहिली नाही, त्या घरातील मुलामुलींनाही ही वाट मोकळी आहे. क्लोरीनची अंतरे काढण्यासाठी आम्ही वर जो हिशेब केला, तो वसतिगृहाच्या खोलीत कागद-पेन्सिलीवर होतो.

अभ्यासासाठी

१. एका पुठ्ठ्याच्या चौकटीवर केस ताणून चिकटवा. शिक्षकांच्या देखरेखीखाली लाल लेसर दिव्याचा किरण त्यावर पाडा आणि २ मीटर दूरच्या भिंतीवरील गडद पट्ट्यांमधील अंतर मोजा. लेसर डोळ्यांत जाऊ देऊ नये. तरंगलांबी ६५० नॅनोमीटर असेल आणि अंतर सुमारे १.९ सेंटिमीटर आले, तर केसाची जाडी किती? (उत्तर: सुमारे ७० मायक्रोमीटर.)

२. इथिलीनच्या सहा अणूंच्या एकूण किती जोड्या होतात? त्यांत कार्बन-कार्बन, कार्बन-हायड्रोजन आणि हायड्रोजन-हायड्रोजन जोड्या किती? (उत्तर: एकूण १५, अनुक्रमे १, ८ आणि ६.)

३. तांब्याऐवजी मॉलिब्डेनमचे ०.७१ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचे क्ष-किरण वापरले, तर कार्बन टेट्राक्लोराइडचे पहिले कडे ३८ अंशांच्या आत येईल की बाहेर जाईल? कारण द्या.

४. आपल्या गावाजवळच्या पिकवणूक कक्षात इथिलीन कसा सोडतात, किती वेळ ठेवतात आणि मध्येच कक्ष उघडून हवा का बदलतात, याची तेथील माणसांना विचारून नोंद करा. मिळालेले प्रत्येक उत्तर कशावरून खरे मानता येईल, हेही त्या नोंदीत लिहा.

चौथ्या प्रश्नातील शेवटचे वाक्य सर्वांत अवघड आहे. डेबाय यांनी अदृश्य रेणूला विचारलेला प्रश्न याच जातीचा होता, आणि त्याचे उत्तर मिळवण्यासाठी त्यांनी चौदा वर्षे वाट पाहिली. आमच्या विद्यार्थ्यांनी कोणताही आकडा वहीत उतरवताना तो कशावरून आला हे विचारण्याची सवय लावून घ्यावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.